परमुलखातले वकीलसाहेब

साताऱ्याच्या कोर्टात वकिलांच्या खोलीत दुपारचे डबे उघडले होते. दारात एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस येऊन उभा राहिला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं म्हणाला, "हितं कुनाला तमिळ येतंय का?"

कुणी घास थांबवला नाही. कोर्टात वाट चुकलेली माणसं रोजच येतात. पण याच्या अंगात काळा कोट होता, गळ्याला पांढरा बँड होता आणि हातात एसटीत सीटखाली ढकलायची असते तसली कापडी बॅग होती. कोपऱ्यात पेन्शनच्या कामाला आलेले एक निवृत्त सुभेदार बसले होते. ते ताठ उभे राहिले. "मला येतं. मद्रासी पलटणीशेजारी आमची बराक होती."

"बोला बघू."

सुभेदारांनी दोन वाक्यं म्हटली. पहिल्याचा अर्थ 'पाय उचल' असा होता आणि दुसरं चारचौघांत म्हणण्यासारखं नव्हतं. मला हसू फुटलं. खोलीत हसणारी मी एकटीच होते. तो माणूस सुभेदारांना तसंच उभं ठेवून माझ्या टेबलापाशी आला.

"तुमाला कळलं," तो म्हणाला. "म्हंजे तुमाला येतंय. कुठलं?"

"सेलम."

त्या दिवसापासून वारेपर्यंत त्या माणसानं, म्हणजे आमच्या सरांनी, मला माझ्या नावानं हाक मारली नाही. मी सेलम. पलटणीतून निवृत्त झालेला माझा नवरा 'सेलमचे मालक'. विजयवाड्याहून आलेला पक्षकार विजयवाडा, कोचीहून आलेला कोची. सांगलीत विश्रामबागेत त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, आणि तिथं बाहेर बसलेल्या नवख्या माणसाला वाटावं की आपण रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत आलोय. "राजमहेंद्रीला पानी द्या. सुरत कवाधरनं बसलाय? कटकला म्हनावं, तुजी तारीख पुढं गेली."

ही सगळी गलाईवाली माणसं. खानापूर-आटपाडीच्या कोरड्या मुलखातून आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली. जुनं सोनं, जुनी चांदी भट्टीत वितळवायची, तेजाब घालून शुद्ध करायची आणि लगड करून सोनाराला द्यायची, हा धंदा. भारतात सराफी पेठ असलेलं गाव दाखवा, तिथं एखाद्या बोळात विट्याकडचा माणूस भट्टी फुंकत बसलेला सापडतोच. माझे वडील त्यातलेच. तेजाबानं त्यांच्या बोटांची टोकं कायमची पिवळी झाली होती, आणि मी शाळेत तमिळमधून पाढे म्हणत वाढले. मग लग्न होऊन साताऱ्याला आले, मुलं शाळेत गेल्यावर वकिलीची परीक्षा दिली. माझी तमिळ माझ्या कुठल्या कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. भाजीवाल्याला कळू नये म्हणून मी आईशी फोनवर तमिळ बोलायचे, तेवढाच तिचा उपयोग. सरांना मात्र तिकडच्या कोर्टांत दुभाषाचं काम करणारी वकील हवी होती, आणि मी त्यांच्याबरोबर हिंडायला लागले.

गलाईवाल्याच्या धंद्यात एक काटा आहे. वितळलेल्या सोन्याला तोंड नसतं. चोरानं साखळी आणून विकली आणि ती भट्टीत गेली, की ती कुणाची होती ते देवालासुद्धा सांगता येत नाही. त्यामुळं कुठंही चोरी झाली की पोलीस आधी गलाईवाल्याच्या दारात. तो परका, त्याची बोली तुटकी, त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. बहुतेक माणसं मागितलं तेवढं सोनं काढून देत आणि गप्प बसत. ज्यांना गप्प बसायचं नसे, ते सरांना फोन करत.

सर स्वतः पोरवयात आंध्रात मामाच्या भट्टीवर बसलेले. धंदा जमला नाही, मग परत येऊन शिकले, उशिरा वकील झाले. पहिल्यांदा कुणा नातेवाइकासाठी हैदराबादला गेले. तिथून परत आले तर घरी दुसऱ्या राज्यातलं बोलावणं. पुढं सांगलीच्या कोर्टात त्यांना ओळखणारे कमी आणि चार राज्यं सोडून कुठल्या तालुक्याच्या कोर्टातला पट्टेवाला त्यांची वाट बघतोय, अशी गत झाली. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, एकदा मला म्हणाल्या, "ह्यांचं म्हंजे कसं हाय, ओरिसात कुठं पूल पडला त्ये ठावं असतंय, आन्‌ आमच्या नळाला चार दिस पानी न्हाई त्ये मी सांगायचं."

एका राज्यात सनद घेतली की वकिलाला देशात कुठंही उभं राहता येतं, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात गेल्यावर वेगळं असतं. कुठं स्थानिक वकिलाचं वकीलपत्र जोडावं लागतं, कुठं अर्ज वेगळ्या रंगाच्या कागदावर, कुठं साक्ष त्यांच्या भाषेत लिहिली जाते आणि तुम्ही बघत बसता. सर म्हणायचे, "कायदा सगळीकडं येकच. चटनी निराळी."

चार शब्दांवर त्यांचा फार जीव होता: वकील, जामीन, कैदी, जप्ती. हे चार शब्द थोडे वाकडेतिकडे होऊन दक्षिणेतल्या कोर्टांतसुद्धा चालतात. तमिळमध्ये तर तारखेलाही 'वायदा' म्हणतात. मी हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की गाडीत समोर बसलेल्या अनोळखी बाईला त्यांनी तो शब्द तीनदा म्हणायला लावला. "बघा," मला म्हणाले, "चोऱ्या करायला भाषा निराळी लागत आसंल. सुटायला आपलीच चालतीया."

प्रवास नेहमी स्लीपरनं. एसीच्या डब्यात माणूस बोलत नाही, हे कारण. त्यांना सतत बोलायला लागायचं. तिकीट तपासनीसाशी, चहावाल्याशी, वरच्या बर्थवरच्या झोपलेल्या माणसाशीसुद्धा. कोर्टाच्या गावी उतरलं की आधी आवारात झाड आहे का बघायचे. झाड नसलेल्या कोर्टात जामीन मिळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. एकदा कर्नाटकातल्या एका नव्या इमारतीत झाड नव्हतं आणि जामीन मिळाला, तर बाहेर येऊन त्यांनी भिंतीपलीकडच्या शेतातलं चिंचेचं झाड मला दाखवलं. "त्येची फांदी आलीया बघ आत."

कोर्टातल्या कारकुनांना द्यायला बॅगेत बेदाण्याची पाकिटं आणि सांगलीची हळद असायची. ईरोडच्या एका म्हाताऱ्या वकिलाला त्यांनी ती हळद दिली. ईरोडही हळदीचंच गाव, तिथला माणूस सांगलीची हळद कशाला घेईल. दोघं कँटीनमध्ये हळदीच्या रंगावरून आणि वासावरून एवढे पेटले, एक इंग्रजीत, एक हिंदीत, की आमचं प्रकरण पुकारलं गेलं ते दोघांनाही कळलं नाही. मीच धावत जाऊन उभी राहिले.

आणि बोलायला उभे राहिले की थांबत नसत. इंग्रजी त्यांचं आटपाडीच्या वळणाचं, पण पाय घट्ट रोवलेले. केरळात एका सरकारी वकिलानं हरकत घेतली, की हा माणूस महाराष्ट्रातला, याचं इथं काय काम. सर न्यायाधीशांकडं वळले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, सांगलीच्या माणसाचं सोनं इथं चालतं. सांगलीच्या माणसाला इथं पकडलेलं चालतं. सांगलीचा वकील तेवढा चालत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे का?" न्यायाधीश खाली बघून हसले आणि म्हणाले, "पुढं बोला." मग सर पुढं खरोखरच एवढं बोलले की त्याच न्यायाधीशांना जेवणाची सुट्टी जाहीर करून उठावं लागलं.

त्यांची आणखी एक पद्धत होती. पक्षकाराला ते एकच प्रश्न विचारत. त्यासाठी खुर्ची चालत नसे. जमिनीवर उकिडवं बसायचं, त्यालाही समोर बसवायचं, आणि डोळ्यांत बघून विचारायचं, "घेतलंस का?" तो 'हो' म्हणाला तर त्याला फैलावर घेत, मग समेटाची बोलणी करत. 'नाही' म्हणाला तर ते लढत. पण पक्षकारानं पुढं तोंड उघडलं की हात वर करत. "बास. फुडचं माजं काम." मला ही पद्धत तेव्हा फार भारी वाटायची. साताऱ्यात माझ्याकडं येणारे पक्षकार बांधाच्या भांडणाची गोष्ट आजोबांच्या लग्नापासून सुरू करत.

संपतचं प्रकरण मला पूर्ण ठाऊक आहे, कारण त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मी होते. गावाचं नाव सांगत नाही. तमिळनाडूतलं तालुक्याचं गाव आहे आणि आमची माणसं अजून तिथं भट्ट्या चालवतात.

संपत खानापूर तालुक्यातला, पस्तिशीचा, मान खाली घालून काम करणारा. बायको सुनीता, दोन मुलं तिथल्याच शाळेत. गावात एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी चोरी झाली. चोर सापडला. त्यानं सांगितलं, किंवा त्याच्याकडून वदवलं, की साखळी संपतला विकली. पोलिसांनी संपतच्या दुकानातली एक लगड उचलली आणि हीच ती वितळलेली साखळी म्हणून लाखेचं सील लावलं. संपतला आत टाकलं.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला कोर्टात आणलं होतं. आवारात कडुनिंब होता, सर खूश होते. हवालदाराला बेदाणे देऊन त्यांनी दोन मिनिटं मागून घेतली आणि झाडाखाली उकिडवे बसले. संपत बेडी सावरत समोर बसला.

"घेतलंस का?"

"न्हाई सायेब. आईशपथ न्हाई. आवं, त्या आज्जी म्हंजे..."

सरांचा हात वर गेला. "बास. फुडचं माजं काम."

खालच्या कोर्टानं जामीन नाकारला. सर फार बोलले, मी बाजूला उभी राहून तमिळ-मराठी करत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की न्यायाधीशसाहेब केव्हाचे घड्याळाकडं बघतायत. त्या दिवशी संध्याकाळी लॉजवर सरांच्या खोलीत गावातली पाच-सहा मराठी माणसं आली. त्यांचे पुढारी तात्या. चाळीसेक वर्षं त्या गावात काढलेला माणूस, तिथल्या शिवजयंतीचा कर्ता. कपाळाला तमिळ पद्धतीची विभूती आणि तोंडात आटपाडीची बोली.

तात्या कॉटवर बसले नाहीत. दाराशीच उभे राहून म्हणाले, "वकीलसायेब, तुमचं लढायचं कौतुक हाय आमाला. पर आता थांबवा."

"का म्हनून? पोरगं खरं हाय."

"आसंल. पोलिसांनी सांगितलंय, लगड त्या साखळीची न्हवं म्हनून भांडू नगासा, मिटवा, आमी त्येला साक्षीदार करून सोडतो. तुमी कोर्टात उभं ऱ्हाऊन त्येंचे वाभाडे काढनार. त्यानंतर काय हुनार ठावं हाय? उंद्या माज्या दुकानात येतील. परवा ह्या दगडूच्या. तुमी आज हाय, उंद्या गाडीत बसून निघून जाल. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.  मग ते म्हणाले, "सुनीताला इचारलं का?"

सुनीता दाराबाहेर जिन्यात बसली होती, धाकटं पोर मांडीवर घेऊन. तात्यांनी तिला आत बोलावलं. ती तात्यांकडं न बघता म्हणाली, "आज मिटवलं तर माजी पोरं शाळंत चोराची पोरं हुतील. तात्या, तुमी म्हनाल तसं करीन, तुमीच आमाला हितं जागा दिली. पर मला इचारलं म्हनून सांगते."

तात्यांनी वहाणा पायांत घातल्या. मग "तुमचं तुमी बघा" म्हणून निघून गेले. बाकीचे त्यांच्या मागून गेले. एक जण पाणी पिऊन गेला.

त्या रात्रीच्या जेवणाला सर म्हणाले, "सेलम, त्यो म्हातारा चुकीचं बोलला न्हाई." एवढंच. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या दिवशी जे केलं ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. वकीलपत्राला नावापुरती जोडलेली एक स्थानिक वकीलबाई होती, कल्याणी. पन्नाशीची, बारीक आवाजाची, दमेकरी. आतापर्यंत सरांनी तिला फक्त सहीला बोलावलं होतं. सर तिच्या घरी गेले, ओसरीवर बसले आणि मला म्हणाले, "बाईंना सांग, खटला त्यांनी चालवायचा. त्या हितल्या हायत. मी मागं बसतो."

मी सांगितलं. कल्याणीनं माझ्याकडं बघून तमिळमध्ये विचारलं, "हे बसतील?"

मी ते भाषांतर केलं नाही.

वरच्या कोर्टात जामीन कल्याणीनं मिळवला, आणि तोही थोडक्यात बोलून. संपत घरी आला. पुढं खटला उभा राहिला तेव्हा सर प्रत्येक तारखेला सांगलीहून यायचे, मागच्या बाकावर बसायचे, कल्याणीची फाइल मांडीवर धरून. अधूनमधून त्यांचा गुडघा हलायला लागायचा. मग मी हळूच म्हणायचे, "सर," आणि गुडघा थांबायचा.

फिर्यादी म्हातारीची साक्ष होती त्या दिवशी मात्र कोर्टाबाहेर व्हरांड्यात सरांचं आणि कल्याणीचं वाजलं. सरांनी उलटतपासाचे प्रश्न लिहून आणले होते. जप्ती कुणासमोर झाली, सील कुणी लावलं, वजन कुठं केलं, असे पानंच्या पानं. कल्याणीनं ती वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "हे पोलिसांना विचारेन. आजीला मी एकच विचारणार आहे. ह्या माणसाला ओळखता का, आणि त्याच्याबद्दल काय सांगायचंय."

मी सांगितल्यावर सर लाल झाले. "येडी हाय का ही बाई? उत्तर ठावं नसलेला प्रश्न साक्षीदाराला इचारायचा न्हाई, ही बाराखडी हाय वकिलीची. म्हातारी 'चोर हाय' म्हनली तर? संपला ना पोरगा."

कल्याणीनं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "त्या आमच्या मागच्या गल्लीत राहतात. लहानपणापासून बघते आहे. नवऱ्याच्या मयतीतसुद्धा त्या खोटं रडल्या नाहीत. यांना सांग, तुम्ही कायदा ओळखता, मी आजींना ओळखते."

सर माझ्याकडं बघत राहिले. आतून पुकारा झाला. संपत आणि सुनीता भिंतीला टेकून उभे होते, दोघंही आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघत, कुठलीच भाषा पूर्ण न कळल्यासारखे. सरांनी आपले कागद खिशात कोंबले आणि आत जाऊन बाकावर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घालून, पोरं बसतात तसे.

म्हातारी काठी टेकत पिंजऱ्यात आली. सरकारी वकिलांनी तिच्याकडून चोरीची हकिगत वदवून घेतली, लगड दाखवली. ती म्हणाली, "ही वीट आहे. माझी साखळी होती." लोक हसले. मग कल्याणी उठली आणि तिनं तो एकच प्रश्न विचारला.

म्हातारीनं संपतकडं बघितलं. ती म्हणाली, "ओळखते. संपत्तु. माझ्या मुलीच्या लग्नात ती साखळी मोडायची का ठेवायची म्हणून मी त्याच्याकडंच नेली होती. त्यानं कसोटीला लावून बघितली आणि म्हणाला, अम्मा, मोडू नका, जुनं चांगलं सोनं आहे. तिची कडी तुटली होती ती त्यानंच शेजारच्या सोनाराकडून जोडून आणून दिली. त्याला ती साखळी माझ्याइतकी ठाऊक. चोरानं ती त्याच्याकडं आणली असती तर हा ती घेऊन माझ्या दारात आला असता. मी हे पोलिसांना सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं नाही. मला म्हणाले, आजी, तुम्ही फक्त अंगठा द्या."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली आणि तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा तसंच सांगितलं, फक्त थोडं चिडून.

मी सरांच्या कानाशी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. कडीच्या वाक्याला त्यांनी डोळे मिटले.

बाहेर आल्यावर ते संपतच्या समोर जाऊन उभे राहिले. "मला का सांगितलं न्हाईस रं हे? तवाच सांगितलं असतंस तर जामिनालाच..."

संपतला राग नव्हता. त्याला फक्त नवल वाटलं होतं. "सायेब, सांगतच हुतो की. तुमी बास म्हनला."

सर काही बोलले नाहीत. त्या दिवशी गाडी सुटेपर्यंत आणि सुटल्यावरही नाही. वरच्या बर्थचा माणूस, चहावाला, कुणाशीच नाही. मिरज जवळ आल्यावर म्हणाले, "दोन आठवडं आत काढलं त्येनं. माज्या हातामुळं." आणि आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला.

संपत निर्दोष सुटला. निकालात न्यायाधीशांनी पोलिसांच्या तपासावर दोन कडक वाक्यं लिहिली. पेढे वाटायला सर थांबले नाहीत. पण त्यानंतर विश्रामबागच्या ऑफिसातली गर्दी हलेनाशी झाली, कारण आत गेलेला पक्षकार बाहेर येईना. सर आपले जमिनीवर बसून ऐकत. सासऱ्याचं भांडण, भट्टीची जागा, चुलतभावाची फितुरी, सगळं. त्यांना ते जड जायचं. मधे मधे तोंड उघडायचे, मिटायचे. काकू बाहेर येऊन बसलेल्यांना सांगायच्या, "जेवून या. आतला आज सुटत न्हाई."

मग सरांना हृदयाचा त्रास सुरू झाला. सांगलीतच दोन स्टेंट घातले. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. काकूंनी ती कापडी बॅग माळ्यावर टाकली. सर घरातूनच संगणकाच्या पडद्यावरून काही तारखा चालवायचे, पण आवाज अडकला की इतके वैतागायचे की काकूच मधे येऊन ते यंत्र बंद करायच्या.

अशात एके दिवशी मला साताऱ्याला फोन आला. तात्यांचा. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. आवाज कोरडा होता. दुसऱ्या एका चोरीत पोलीस त्यांच्या दुकानात येऊन गेले होते. उद्या ठाण्यात या म्हणाले होते. "मी म्हनलं हुतं ना," तात्या म्हणाले. मग, "वकीलसायबास्नी बरं न्हाई म्हनं. ऱ्हाऊ दे. मी बघतो."

मी सरांना फोन केला. सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं.  पाठीमागं काकूंचा आवाज येत होता, "कोन हाय? कुटं जायाचं न्हाई."

"सेलम," सर म्हणाले, "तू जा."

"एकटी?"

"कल्याणी हाय की तिथं. तात्यांचं आधी सगळं ऐकून घे. दिवस गेला तरी चालंल."

नवऱ्यानं मला साताऱ्याहून मिरजेला सोडलं. गाडीत बसवताना तो म्हणाला, "पलटणीत असतो तर मी असल्या ठिकाणी एकट्याला पाठवलं नसतं." पण बॅग त्यानंच उचलून वर ठेवली.

तात्यांचं ऐकायला खरंच अर्धा दिवस गेला. कल्याणी इनहेलर ओढत शेजारी बसली होती. मग आम्ही तिघं ठाण्यात गेलो. तात्यांचा जबाब तमिळमध्ये लिहिला गेला, कल्याणीनं तो मोठ्यानं वाचला, त्यातले कायद्याचे शब्द मी तात्यांना मराठीत सांगितले, आणि तिसऱ्या ओळीत तात्या म्हणाले, "हे मी म्हनलो न्हाई." ठाणेदारानं कल्याणीकडं बघितलं, मग माझ्या काळ्या कोटाकडं. संपतच्या निकालातली ती दोन वाक्यं त्यालाही ठाऊक असावीत. ओळ खोडली. दुसरी लिहिली. तात्या साक्षीदार म्हणून सही करून, चालत घरी आले. कुणाला सोनं द्यावं लागलं नाही.

दुकानाच्या पायरीवर तात्यांनी मला कॉफी दिली. भट्टीकडं पाठ करून बसले होते. कॉफी संपल्यावर म्हणाले, "त्या दिशी मी तेंना तोंडावर बोललो. निघून जाल म्हनून. सायबास्नी सांगा, तात्यानं बोललेलं मागं घेतलंय."

परत आल्यावर मी विश्रामबागेत उतरूनच साताऱ्याला गेले. सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते, अंगात बनियन, खाली पायजमा, छातीवर शाल. मी सगळं सांगितलं. जबाबातली तिसरी ओळ त्यांनी दोनदा ऐकली. शेवटी मी तात्यांचा निरोप सांगितला, तात्यांच्याच शब्दांत.

त्यांनी मान वळवून रस्त्याकडं बघितलं. एक रिक्षा गेली, कॉलेजची पोरं गेली. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी हात वर केला नाही. मला पूर्ण बोलू दिलं. काकू चहा घेऊन आल्या, त्यांनी सरांच्या तोंडाकडं बघितलं आणि कप तसाच कठड्यावर ठेवून आत गेल्या.

"उकाडा लय आसंल न्हाई तिकडं," सर म्हणाले.

"लय होता," मी म्हणाले.